आधी तपासा, मग द्या

सुरतच्या उत्तरेला, अमरोलीला लागून कोसाड आहे. नागरी पुनरुत्थानाच्या केंद्रीय योजनेतून महापालिकेने इथे हजारो घरे बांधली आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांतली माणसे आणून वसवली. ही वस्ती ‘कोसाड आवास’ या नावानेच ओळखली जाते. सुरतेत पोटासाठी आलेल्यांत धुळे, नंदुरबार, जळगावकडचे खानदेशी पुष्कळ. ताप्ती व्हॅली रेल्वेने त्यांना इथे आणले, लूमच्या खात्यांनी, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांनी, ठेवून घेतले. बारा-बारा तासांची पाळी झाली की कुणी तंबाखू मळतो, तर कुणी पोटली शोधतो. दारूबंदीच्या राज्यात हातभट्टीची प्लास्टिकची पिशवी याच नावाने विकली जाते.

अशा वस्तीकडे बोट दाखवून एक वाक्य हमखास ऐकवले जाते: सरकार फुकट धान्य देते आणि यांचे पैसे दारूत जातात, आधी तपासा, मग द्या. महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार सुरू झाले तेव्हाही हाच सूर निघाला.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 2011 साली हे करूनच पाहिले. गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीसाठी अर्ज करणाऱ्याने आधी स्वखर्चाने अमली पदार्थांसाठी लघवीची तपासणी करायची. निर्दोष ठरल्यास खर्च परत. सुमारे चार महिन्यांत 4,086 जणांची तपासणी झाली आणि 108 जण सापडले, म्हणजे शंभरात तीनही नाहीत. बाकीच्यांच्या तपासणीचे पैसे सरकारलाच भरून द्यावे लागले. लुईस लेब्रॉन या माजी नौसैनिकाने तपासणीला नकार देऊन न्यायालय गाठले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने अंमलबजावणी थांबवली आणि 2014 मध्ये अपील न्यायालयानेही कायदा घटनाबाह्यच ठरवला. मदत मागितली एवढ्यावरून कुणाच्या अंगाची झडती घेता येत नाही, असा त्याचा अर्थ. ऑस्ट्रेलियातही 2017 साली अशीच योजना पुढे आली होती. ती सिनेटमध्ये अडली.

कोसाडमध्ये ही अट आणली तर गंमत आणखी वाढेल. गुजरातेत परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा. मुंबई प्रांताच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याचाच वारसा तिथे चालतो. रक्तात 0.05 टक्के मद्यार्क सापडला, की आपण कायदा मोडलेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे रेशनच्या रांगेत उभ्या माणसाने पाच किलो धान्यासाठी स्वतःविरुद्धचा पुरावा बाटलीत भरून द्यायचा! शिवाय अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असते घरातली सज्ञान, वयाने थोरली बाई. पिणारा नवरा, कार्ड बायकोचे आणि उपाशी पोरे. शिक्षा नेमकी कुणाला?

त्याच गुजरातेत दुसरी रांगही आहे. प्रकृतीच्या कारणाने दारूचा परवाना मिळतो. त्यासाठीही वैद्यकीय तपासणी होते, पण तिचा हेतू दारू मिळवून देण्याचा. आणि डिसेंबर 2023 पासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत तर कामाला जाणाऱ्यांसाठी ठरावीक ठिकाणी पिण्याची मुभाच दिली गेली. तिथल्या वित्तीय कंपन्यांना वर्षानुवर्षे आयकर माफ. तीही सरकारी मदतच की! पण करमाफी घेणाऱ्याच्या हातात कुणी नमुन्याची बाटली दिल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेत ग्वेन मूर या काँग्रेस सदस्येने 2016 मध्ये, दीड लाख डॉलरहून अधिक करवजावट घेणाऱ्यांचीही तपासणी करा, असे विधेयक मांडले होते. ते मंजूर होणार नाही हे उघड होते, पण टोला बरोबर बसला.

आपल्याकडे गरिबाची तपासणी होतच नाही असेही नाही. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटावा लागतो; ज्याच्या हाताच्या रेषा कामाने झिजल्या, त्याच्यासाठी ती साधी गोष्ट नाही. 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात आधार न जोडल्याने कार्ड रद्द झालेल्या घरातली अकरा वर्षांची मुलगी दगावली. भुकेने गेली असे घरचे म्हणाले, सरकारने ते नाकारले. ही चाळणी धान्याची चोरी रोखायला लावलेली. तिच्यात नशेची चाळणी मिसळली तर गळती कुणाची होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

व्यसनाचा प्रश्न खोटा नाही. जुलै 2022 मध्ये बोटाद परिसरात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने चाळीसहून अधिक माणसे मेली, ती बहुतेक गरीबच होती. पण व्यसनी माणूस उपचारापर्यंत पोहोचायचा तर त्याला भीती नसावी लागते. अमली पदार्थांच्या कायद्यातले कलम 64अ हेच मानते: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. गुजरातच्या दारूबंदीत पोटली पिणाऱ्यासाठी असे दार उघडायचे का, यावर मात्र कुणी आग्रहाने बोलत नाही.