राज्याचे वाटेकरी

पैगंबर मुहम्मद यांचे इ. स. 632 मध्ये मदिनेत देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या अनुयायांची सत्ता अरबस्तानापुरतीच होती. आणि पुढच्या वीस वर्षांत त्याच अनुयायांनी बायझंटाइन सम्राटाकडून सीरिया व मिसर हे संपन्न प्रांत हिरावून घेतले, इराणचे सासानी साम्राज्य समूळ उलथून टाकले, आणि त्या घराण्याचा अखेरचा राजा यझ्दगर्द 651 मध्ये परागंदा अवस्थेत मर्वजवळ मारला गेला. 602 पासून 628 पर्यंत चाललेल्या रोम-इराण युद्धाने या दोन्ही महासत्ता क्षीण झाल्या होत्या, हे इतिहासकारांनी दाखवलेले कारण यथार्थ आहे. परंतु राज्य जिंकणे निराळे आणि जिंकलेले राज्य कोणाचे हे ठरवणे निराळे. आणि मला वाटते, पुढील शतकांतील उदयास्ताचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या दिवाणाने, म्हणजे नेमणुकांच्या दफ्तराने, दिले. इराकमधील सवाद प्रांताची सुपीक जमीन शिपायांत वाटून टाकावी, अशी मागणी होत असता त्यांनी ती मूळच्या कुळांकडेच ठेवली, तिच्यावर खराज हा जमीनमहसूल बसवला, आणि त्या वसुलातून शिपायांना वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. इस्लामचा स्वीकार कोणी किती आधी केला आणि त्याच्या रक्षणासाठी कोण कोणत्या लढाईत उभा राहिला, यावरून नेमणुकीची रक्कम ठरे. त्यामुळे टोळीच्या कुलाभिमानाहून श्रद्धेची व सेवेची ज्येष्ठता मोठी ठरली. तथापि फौजा बसरा, कूफा, फुस्तात यांसारख्या छावणीच्या शहरांत रयतेपासून अलग वसवल्या गेल्या, आणि दिवाणाच्या वहीत ज्याचे नाव, तो अरब शिपाई हाच व्यवहारात राज्याचा वाटेकरी झाला.

रयत स्वतःच इस्लाम स्वीकारू लागली, तेव्हा या व्यवस्थेतील विसंगती उघडी पडली. कलमा पढलेला इराणी शेतकरी एखाद्या अरब टोळीचा मौला, म्हणजे आश्रित, होऊन शहराची वाट धरी. परंतु त्याच्यामागे गावचे शेत पडीक राही आणि सरकारी महसूल घटे. म्हणून उमय्या घराण्यातील खलिफांचा इराकमधील सुभेदार हज्जाज याने अशा लोकांना परत गावी पिटाळले आणि त्यांच्याकडून पूर्वीचीच वसुली चालू ठेवली. ज्या उमय्या घराण्याच्या फौजा 711 च्या सुमारास एकाच वेळी सिंधमध्ये आणि स्पेनमध्ये उतरल्या होत्या, ज्यातील खलिफा अब्दुल मलिक याने कारभाराची दफ्तरे अरबीत आणली आणि राजमुखाऐवजी केवळ अक्षरे कोरलेले सोन्याचे दिनार पाडले, त्याच घराण्याच्या जमाबंदीने धर्माने बंधू ठरलेल्यांना परके लेखले. 717 ते 720 या काळात खलिफा असलेल्या दुसऱ्या उमरने नवमुस्लिमांवरील जिझिया, म्हणजे मूळचा बिगरमुस्लिमांवरील कर, बंद करण्याचे फर्मान काढले खरे; परंतु इतक्या अल्प कारकिर्दीत ही घडी मोडणे शक्य नव्हते.

जे फर्मानाने साधले नाही ते बंडाने साधले. 747 मध्ये खुरासानात अबू मुस्लिमने उभारलेल्या काळ्या निशाणाखाली अरब आणि इराणी एकत्र आले. 750 मध्ये झाब नदीवर उमय्यांचा पाडाव होऊन खिलाफत अब्बासी घराण्याकडे गेली. आणि 762 मध्ये खलिफा मन्सूरने बगदादची पायाभरणी केली. ज्या बरमकी घराण्याचे पूर्वज बल्ख येथील नवबहार या बौद्ध विहाराचे अधिपती होते, त्याच घराण्याने आता अब्बासी खलिफांची वजिरी चालवली. याहूनही महत्त्वाचे स्थित्यंतर विद्येच्या क्षेत्रात झाले. कूफ्यात रेशमाचा व्यापार करणारे अबू हनिफा, अरबी व्याकरणाचा आद्य महाग्रंथ रचणारा सीबवैहि, हदीसचे प्रख्यात संकलक बुखारी, हे तिघेही इराणी वंशाचे होते. आणि धर्मशास्त्र व भाषा यांच्या मुळाशी ज्यांचे परिश्रम आहेत, त्यांना दुय्यम म्हणण्याची सोय कोणत्याही दरबाराला उरली नाही.

पुढे वाटेकरी कोण, हा विचार राज्यसंस्थेच्याच बाहेर पडला. 833 मध्ये खलिफा मामूनने धर्मसिद्धान्ताच्या प्रश्नात आपले मत विद्वानांवर लादण्यासाठी चौकशी आरंभली. अहमद इब्न हन्बल यांनी कारावास व फटके सोसून ते नाकारले, आणि काही वर्षांत ती चौकशी दरबारालाच सोडून द्यावी लागली. इकडे मामूननंतरचा खलिफा मुतसिम याने पदरी ठेवलेली तुर्की गुलामांची फौज इतकी शिरजोर झाली की 861 मध्ये तिने खलिफा मुतवक्किलचाच वध केला. आणि 945 मध्ये बुवैही सरदारांनी बगदाद घेतल्यावर खलिफाकडे खुत्ब्यातील नाव व सनदा देण्याचा मान याखेरीज फारसे काही राहिले नाही. परंतु सत्तेच्या या ऱ्हासाच्या काळातच समाज पसरत होता. मसऊदी हा अरब प्रवासी इ. स. 916 च्या सुमारास आपल्या कोकणातील चौल बंदरात आला, तेव्हा तेथे, राष्ट्रकूटांच्या राज्यात, सुमारे दहा हजार मुसलमान नांदत असल्याचे त्याने नोंदवले. खलिफाची फौज तेथे कधी गेली नव्हती. व्यापार, विवाहसंबंध आणि आपापसांतील कज्जे सोडवणारा त्यांचा शास्त्रनियम एवढ्यांवर ती वस्ती उभी होती.

या समतेलाही कुंपणे होती, हे विसरणे अन्यायाचे होईल. जिम्मी, म्हणजे बिगरमुस्लिम, प्रजेला संरक्षण होते, बरोबरी नव्हती. आणि दक्षिण इराकच्या खाऱ्या दलदलीत राबणाऱ्या झंज गुलामांना 869 पासून 883 पर्यंत चौदा वर्षे हत्यार धरावे लागले, यावरून वाटेकऱ्यांच्या यादीबाहेर किती माणसे राहिली होती ते कळते. तरीही 1258 मध्ये मोंगल हुलागूने बगदाद उद्ध्वस्त करून खलिफा मुस्तसिमला ठार केले, तेव्हा त्या समाजाचे धर्मशास्त्र, त्याची भाषा व विद्या अबाधित राहिली. कारण ज्या आश्रितांना आरंभीच्या राज्याने वाटा नाकारला होता, त्यांच्याच वंशजांनी ती दरबाराच्या आधाराविना जगेल अशी घडवली होती. विजेत्यांच्या पराक्रमाइतकेच पराजितांच्या या कर्तृत्वालाही इतिहासात मानाचे स्थान मिळाले पाहिजे, असे मी मनापासून मानतो.