‘अतिपक्व’ अरण्य आणि नागरिकाचे उत्तरदायित्व

१९९३ साली कॅनडातील व्हँकूव्हर बेटावर, क्लेओक्वॉट साउंड येथे, प्राचीन अरण्याची तोड रोखण्यासाठी रस्ता अडविणाऱ्या ८०० हून अधिक नागरिकांना अटक झाली. अरण्य सार्वजनिक, तोडीस शासनाची अनुमती, अडवणुकीस न्यायालयाची मनाई. वनव्यवस्थापनाच्या परिभाषेत असे वृक्ष ‘अतिपक्व’ ठरतात. ही संज्ञा केवळ वर्णन करीत नाही; लाकूड हेच वृक्षाचे प्रयोजन, असा निवाडा करते.

निर्वाचित शासनाचा निर्णय काहींनी का रोखावा, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु आजचा निर्णय उद्याच्या बहुमताला फिरविता यावा, हे लोकशाहीचे गृहीत होय. शतकानुशतके वाढलेले अरण्य तोडताच ते गृहीत कोसळते. म्हणून मनाई मोडून अटक पत्करण्यात लोकशाहीचा अव्हेर नव्हता. उद्याच्या नागरिकाच्या निर्णयाधिकाराचे ते रक्षण होते.