ताटावरची साक्ष

इस्त्री करताना तिला कॉलरच्या आतल्या बाजूला निळ्या शाईचा शिक्का दिसला. नाटकांचे कपडे भाड्याने देणाऱ्या सांगलीतल्या एका ड्रेपरीवाल्याचा शिक्का, आणि त्याखाली नंबर. शर्ट खाकी होता. खांद्यावर दोन चांदण्या आणि लाल-निळी फीत. मुलगा आतल्या खोलीत झोपला होता. तिने इस्त्री थांबवली नाही. शिक्क्यावरूनही फिरवली, बाह्यांची घडी मोडली आणि शर्ट हँगरला लावून ठेवला. “मला दुसरं काय सुचंनाच,” ती मला म्हणाली.

कृष्णाकाठच्या कुठल्या गावातली ही माउली, ते मी सांगणार नाही. तिच्या मुलाचा सत्कार होऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. वेशीवर फ्लेक्स लागला होता, जेसीबीतून गुलाल उधळला होता. स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या अटेम्प्टला तो दोन मार्कांनी हुकला, हे खरं होतं. दुसऱ्या वेळी परीक्षेला बसलाच नाही. तिसऱ्या वेळी पुण्याहून फोन आला, “आई, पोस्ट निघाली. पीएसआय.” लोकसेवा आयोगाची निवड यादी कुणालाही मोबाइलवर पाहता येते. आख्ख्या गावात ती कुणी उघडली नाही. आनंदाच्या बातमीची खातरजमा करायची नसते, असा आपल्याकडे अलिखित नियमच आहे.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, “थोरला काय करतो?” या प्रश्नाचं उत्तर म्हणून पोस्टच लागते. मुलगा शांत आहे, आजीचं दुखणं त्याने काढलं, विहिरीची मोटार स्वतः दुरुस्त करतो, ही उत्तरं धरली जात नाहीत. पण मुलगा खोटं बोलला याचा सगळा दोष गावावर टाकणं मला पटत नाही. पुण्यातल्या त्याच अभ्यासिकेतली, त्याच मेसमध्ये जेवणारी शेकडो मुलं हुकतात आणि घरी येऊन “नाही झालं” म्हणतात. ते म्हणायला लागणारं बळ प्रत्येकात सारखं नसतं, इतकंच खरं. ज्याच्यात ते कमी पडतं, त्याच्या आईबापांनी काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

बहुतेक घरांत दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे झाकणं. पाहुण्यांना “साहेब ड्युटीवर आहेत” असं आईबापच सांगू लागतात. दुसरी, संतापाच्या भरात तोडणं: “तू आमचा मुलगाच नाहीस.” पहिली वाट खोटी, हे कुणीही मान्य करील. माझं म्हणणं असं, की दुसरीही तितकीच खोटी आहे. मुलगा म्हणतो, मी जो नाही तो आहे. बाप म्हणतो, तू जो आहेस तो नाहीस. दोघांनीही एकाच माणसाच्या ओळखीबद्दल खोटी साक्ष दिलेली असते.

साताऱ्याच्या किल्ल्यावर हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहू महाराज गेले. त्यांच्यामागे गादीवर आला रामराजा. हा माझा नातू, लहानपणी जिवाच्या भीतीने लपवून वाढवलेला, असं शाहूंच्या काकू ताराबाईंनी सांगितलं होतं. सरदारांच्या मनात शंका होती. म्हणून ताराबाईंनी जातभाईंसमोर त्याच्याबरोबर एका पंक्तीला जेवावं आणि त्या अन्नावर हात ठेवून साक्ष द्यावी, अशी मागणी झाल्याचं इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलं आहे. जानेवारी 1750 मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, चंपाषष्ठीच्या निमित्ताने तो किल्ल्यावर गेला असता त्याच ताराबाईंनी त्याला कैद केलं. पेशव्यांविरुद्ध तो त्यांच्या मनासारखा वागेना, म्हणून. पुढे 1752 साली जेजुरीला खंडोबापुढे त्यांनी शपथ घेतली, हा माझा नातू नव्हे, तोतया आहे. इतिहासकारांचा कल तो खरा नातूच असावा याकडे आहे. त्या बाईचं राजकारण, तिने औरंगजेबाशी दिलेली झुंज, तो वेगळा आणि थोर विषय. मी विचार करतो त्या पंचविशीच्या आतल्या पोराचा. तू कोण आहेस हे ज्या माणसाने सांगितलं, त्याच माणसाने ते काढून घेतलं. 1777 साली मरेपर्यंत तो नावापुरताच छत्रपती राहिला.

मुलगा मनासारखा निघाला नाही म्हणून त्याचं मुलगेपण काढून घेता येत नाही. आणि तो मुलगा आहे म्हणून त्याच्या खांद्यावरच्या चांदण्या खऱ्या होत नाहीत. या दोन वाक्यांतलं एकही न सोडता जगणं म्हणजेच या दुखण्याशी झगडणं, असं मी मानतो. फार अवघड आहे. संताप अनावर होतो तेव्हा पहिलं सुटतं, माया दाटते तेव्हा दुसरं.

इथे एक शंका येईल. ओळख लपवणं नेहमीच वाईट का? नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. बेचाळीसनंतर याच गावांत प्रतिसरकारचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं भूमिगत राहिले. क्रांतिसिंह नाना पाटलांना पोलीस शोधत राहिले आणि घराघरांतल्या बायाबापड्या “आम्ही न्हाई बघितलं” म्हणत राहिल्या. आजही शहरात खोली मिळावी म्हणून एखाद्याला आडनाव गिळावं लागतं. एखादं लेकरू “तुम्ही मला मुलगा समजता, पण मी मुलगी आहे” असं सांगतं, तेव्हा तर ते खोटं बोलतच नसतं, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत असतं. भूमिगताचं खोटं दाराबाहेरच्यांसाठी होतं. चुलीपाशी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. त्या आईच्या घरात नेमकं उलटं झालं होतं. पहिला फोन आईलाच आला होता.

सवयीने, सतत, उघड फायदा नसतानाही रचल्या जाणाऱ्या अशा खोट्याला अँटोन डेलब्रुक या मनोविकारतज्ज्ञाने 1891 साली ‘स्यूडोलॉजिया फँटास्टिका’ असं नाव दिलं. आजच्या वर्गीकरणांत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. म्हणजे यावर ठरलेली गोळी नाही. पण त्याच्या मुळाशी गोळीने आवरणारं दुसरं काही असू शकतं. उन्मादाच्या भरात माणूस स्वतःला खरोखरच मोठा अधिकारी समजतो. ते खोटं नव्हे, तो भ्रम, आणि त्यावर औषधं आहेत. कधी दारू असते, कधी मोबाइलवरच्या जुगाराचं कर्ज. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञ. मुलगा सज्ञान आहे, त्याला असंच उचलून नेता येत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उपचारात त्याची संमती मानतो, आणि ते योग्यच आहे. तो येत नसेल तर आईबापांनी स्वतः जावं. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. दुखणं त्यांचंही आहे.

मग घरात काय करायचं? अनुभवातून एकच गोष्ट ठामपणे सांगेन. उत्तर माहीत असलेला प्रश्न मुलाला विचारू नये. “आज कुठं होतास?” असं सापळा लावून विचारलं की तो आणखी एक खोटं रचतो, आणि रचलेलं प्रत्येक खोटं त्याला सांभाळावं लागतं. त्यापेक्षा आपल्याला जे कळलं आहे ते साध्या वाक्यात सांगावं. चारचौघांत नाही, भावकीसमोर तर मुळीच नाही. सांगावं आणि गप्प राहावं. त्या रात्री त्याला एकटं सोडू नये. खोटं एक वेळ आयुष्यभर सांभाळता येईल, पण ते फुटतं तो दिवस जिवावर उठू शकतो.

फ्रान्समधल्या जाँ-क्लोद रोमाँचं उदाहरण टोकाचं आहे, फार विरळा आहे, तरी सांगतो. लियोंला वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी तो एका परीक्षेला बसला नाही आणि घरी सांगितलं, पास झालो. पुढे अठरा वर्षं तो आधी वैद्यकीय विद्यार्थी आणि मग जागतिक आरोग्य संघटनेतला डॉक्टर म्हणून वावरला. रोज घरातून निघायचा आणि वाहनतळावर गाडीत बसून राहायचा. आईवडिलांची, सासऱ्यांची पुंजी गुंतवतो म्हणून घेतली आणि त्यावर संसार केला. 1993 च्या जानेवारीत सगळं उघड होणार असं दिसताच त्याने बायको, दोन मुलं आणि स्वतःचे आईवडील यांना ठार केलं. हे वाचताना मला त्या खुनांपेक्षाही ती न दिलेली परीक्षा छळते. ते खोटं आठवड्याचं होतं तेव्हा एखाद्याने त्याच्याशेजारी बसून “नाही बसलास ना परीक्षेला? बरं” एवढं म्हटलं असतं तर?

मायेला जिथे थांबावंच लागतं, अशी एक जागा मात्र आहे. त्या आईच्या घरात स्थळं येऊ लागली होती. पीएसआय जावई म्हणून लोक जमीन विकून हुंडा द्यायला तयार होते. हुंडा हा स्वतःच गुन्हा, पण ते तूर्त बाजूला ठेवू. मुलीकडचे येऊन चहा-पोहे घेत असताना आईबाप गप्प राहिले, तर ते केवळ सोसणारे उरत नाहीत. दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य त्यांच्या गप्प राहण्याने मोडणार असतं. कायद्यालाही हे कळतं. भारतीय न्याय संहितेच्या 204 व्या कलमात सरकारी नोकराची बतावणी करून त्या नात्याने वागणाऱ्याला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आहे. लग्न आणि उसने पैसे या दोन बाबतींत मुलाची बदनामी होईल हा विचार करू नये. समोरच्याला सांगावं. मुलालाही आधीच बजावून ठेवावं, की मी सांगणार.

त्या आईने तेच केलं. शर्टानंतर चार दिवसांनी नवऱ्याला, दुसऱ्या दिवशी मुलाला. ताट वाढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, “शर्टावरचा शिक्का मी बघितलाय. तू फौजदार न्हाईस. जेव आता.” तो जेवला नाही. उठून गोठ्यात गेला. ती मागोमाग गेली आणि म्हशीच्या दावणीपाशी उजाडेपर्यंत बसून राहिली. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना तिने निरोप धाडला, स्थळ जमत नाही, पोराची नोकरी नाही. नवरा तिच्याशी महिनाभर बोलला नाही. मिरजेच्या डॉक्टरकडे मुलगा तिसऱ्या महिन्यात गेला. दोनदा गेला, मग थांबला, परत गेला.

आता तो तासगावकडे बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर बॉक्सचा हिशेब लिहितो. चुलत्यांनी विचारलं तर अजून “डिपार्टमेंटच्या कामानं” कुठेतरी असल्याचं सांगतो. आईला सकाळी डबा घेताना म्हणतो, “स्टोरेजला चाललो.”