चौघे कुठे आहेत?



मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्य आपल्या परिचयाचा आहे. त्याला उचलून आणणारे चौघे दाराशी अडले, म्हणून छपरावर चढले, छप्पर उकरले आणि बाज प्रभूसमोर खाली सोडली. आपल्याकडे माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. माळवद उकरायचे म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडणारच!

पण दार कोणी अडवले होते? प्रभूचे वचन ऐकायला जमलेल्या गर्दीनेच. त्या लोकांच्या मनात वाईट नव्हते, फक्त त्यांची पाठ दाराकडे होती.

गुडघे धरलेली आजी, कमी ऐकू येणारे आजोबा, हात थरथरणारे काका आज मानवतमध्ये घरोघरी आहेत. त्यांना कोणी अपंग म्हणत नाही. ‘वय झाले’ म्हटले की विषय संपतो. वास्तविक २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत कंपवातही आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांनी अर्ज केल्यास कर्मचारी त्यांच्या घरी जाऊन मत घेत. एका मतासाठी सरकार उंबरा चढते. पवित्र कम्युनियनसाठी आपण किती उंबरे चढतो?

तरीही घरी कम्युनियन नेऊन आपले कर्तव्य संपत नाही. त्या चौघांनी प्रभूकडून आशीर्वाद मागून घरी नेला नाही, माणसालाच गर्दीच्या मधोमध आणले. आणि त्यांचा विश्वास पाहून प्रभू त्या आजाऱ्याशी बोलला.

आता अडचण अशी की अनेक घरांतले हे चौघे कामासाठी पुण्या-मुंबईला आहेत. मेल्यावर खांदा द्यायला माणसे धावत येतात, ही आपली चांगली रीत आहे. जिवंतपणी रविवारी हात धरायला शेजारचा एक तरुण पुरे.

ज्यांना मोटारसायकलवर मागे बसता येत नाही, त्यांची नावे आज मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत. रिक्षाचा खर्च वाटून घेऊ. पायरीशी दोघांनी थांबावे. पुढच्या खुर्च्या त्यांच्यासाठी ठेवाव्यात, म्हणजे वाचन नीट ऐकू येईल. आणि ज्या आजींना अजून वाचता येते, त्यांनी पहिले वाचन बसूनच करावे.