झडप किती गळते?

पाथरीत डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून छातीत वेगळा आवाज आला, की पुढची चिठ्ठी बहुधा परभणीची किंवा छत्रपती संभाजीनगरची असते: टू-डी इको करून आणा. रिपोर्टात 'मॉडरेट एमआर', म्हणजे मायट्रल झडपेची मध्यम गळती, येतं आणि घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, म्हणजे झडप नेमकी किती गळते?"

या 'किती'ची घाई शल्यचिकित्सेने लावली. १८१६ साली डॉक्टर लाएनेक यांच्या नळीने, म्हणजे पहिल्या स्टेथोस्कोपने, आवाज ऐकवला, पण मोठा आवाज म्हणजे मोठी गळती असं समीकरण नव्हतंच. पुढे डावीकडची अरुंद मायट्रल झडप शस्त्रक्रियेने उघडता येऊ लागली. मात्र तीच झडप गळत असेल तर ती आणखी उघडणं घातक. हा फरक आधीच कळावा म्हणून स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर धडपडत होते. १९५३ साली त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र चक्क छातीवर लावलं. इको इथून सुरू झाला.

मोजमाप मात्र लांबच होतं. १९६०च्या दशकात कॅथेटरने डाय सोडून गळतीला एक ते चार अशी श्रेणी देत. सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर. १९८०च्या दशकात कलर डॉपलर आला आणि मागे फिरणारं रक्त पडद्यावर रंगीत झोतासारखं दिसू लागलं. डोळ्यांचं समाधान झालं, पण हा झोत फसवा. कप्प्याच्या भिंतीला चिकटून वाहिला तर मोठी गळतीही लहान दिसते. म्हणून छिद्राजवळ रक्ताचा जो रंगीत अर्धगोल दिसतो, त्याची त्रिज्या मोजून आकडा काढू लागले. त्यात त्रिज्येचा वर्ग येतो. दहा मिलिमीटरऐवजी नऊ मोजले, की दर ठोक्याला ६० मिलिलिटरची गळती साधारण ४९वर येते. साठ म्हणजे 'तीव्र', एकोणपन्नास 'मध्यम'. कर्सर एका मिलिमीटरने सरकला, की आजाराचं नाव बदललं!

एमआरआय झोताच्या वाटेला जातच नाही. पाथरीच्या शिवाराला जायकवाडीचा डावा कालवा माहीत आहे: वर सोडलेल्या पाण्यातून खाली पोचलेलं वजा केलं की गळती निघते. इथेही डाव्या जवनिकेने, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याने, ११० मिलिलिटर ढकललं आणि महाधमनीत ७० पोचलं, तर ४० मागे गेलं. २०१५ साली अमेरिकेत सेथ युरेत्स्की यांच्या गटाने दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. तीव्रतेबाबत त्यांचं बरेचदा जुळेना. शस्त्रक्रियेनंतर हृदय किती आकसलं, याचा मेळ मात्र एमआरआयच्या आकड्याशी अधिक बसला.

म्हणून इको मोडीत काढायचा का? मला नाही वाटत. संधिवाताच्या तापाने जाड झालेली झडप, तुटलेला तंतू, गळती नेमकी कुठून, हे इकोच चांगलं दाखवतो; दुरुस्ती करायची की झडप बदलायची, हेही त्यावरच ठरतं. एमआरआयला श्वास रोखावा लागतो, ठोके अनियमित असले की हिशेब चुकतो, आणि खर्च आहेच. शिवाय गळती दोन दिवस सारखी नसते. रक्तदाब वाढला की ती वाढते, औषधाने उतरला की कमी दिसते.

त्यामुळे पाथरीच्या पेशंटला मी म्हणेन, इको आणि लक्षणं जुळत नसतील तेव्हाच एमआरआयचा खर्च करावा. एरवी शक्यतो त्याच सेंटरवर इको करावा, त्या वेळचा रक्तदाब रिपोर्टवर लिहून घ्यावा आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्यावेत. गेल्या खेपेपेक्षा डावी जवनिका फुगली आहे का, ते त्यातूनच कळतं.