सावरलेल्यांचा आधार

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवत. त्या विभागाची व्यवस्था झाँ-बाप्तिस्त प्यूसँ पाहत असे. तो स्वतः पूर्वी तिथेच गंडमाळेवर उपचार घेऊन बरा झाला होता. सावरलेल्या रुग्णांमधूनच तो परिचारक निवडू लागला, कारण ही माणसे अधिक मायेने वागत. १७९७ मध्ये त्याने ते साखळदंडही काढले.

आजचा पीअर सपोर्ट वर्कर याच वाटेने रुग्णालयात येतो. मानसिक आजारातून सावरलेली, प्रशिक्षण घेतलेली ही व्यक्ती निदान करत नाही, औषधे लिहून देत नाही. ती जवळ बसते, ऐकते. गोळ्यांनी येणारी सुस्ती, नातेवाइकांची कुजबुज, पुन्हा कामावर जाण्याची धास्ती, हे सारे तिने सोसलेले असते. म्हणूनच ‘यातून बाहेर पडता येतं’ हे तिचे शब्द रुग्णाला पटतात.

युगांडातील कंपालाच्या बुटाबिका रुग्णालयात असे कार्यकर्ते काम करतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अपसाइड्स’ या पीअर सपोर्टवरील आंतरराष्ट्रीय प्रकल्पात बुटाबिकाबरोबर पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रही सहभागी झाले.

दुसऱ्याचे दुःख ऐकताना स्वतःची जुनी जखम उघडी पडू शकते. त्यामुळे या कार्यकर्त्यांना नियमित मार्गदर्शन, विश्रांती आणि योग्य वेतन मिळायलाच हवे.

श्रोतेहो, आपल्या घरात कुणाचे मन खचले असेल, तर १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर आजच फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते.