उंबरठ्याखालचा वारसा

आनुवंशिकतेवरच्या मेंडेलच्या १८६६ सालच्या निबंधाकडे जगाचं लक्ष गेलं ते १९०० मध्ये, आणि लगेच अभ्यासकांत दोन तट पडले. वाटाणा गोल किंवा सुरकुतलेला, अशा गुणांमागे एकेक जनुक दाखवणारे मेंडेलवादी एकीकडे. उंचीसारखे सलग बदलणारे गुण मोजणारे कार्ल पिअर्सन यांच्यासारखे संख्यातज्ज्ञ दुसरीकडे. बारीक परिणामाची पुष्कळ जनुकं एकत्र आली, की मेंडेलच्याच नियमांनी उंचीतली ही सलगता येते, हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये गणिताने दाखवलं. तंटा मिटला, पण ‘आहे किंवा नाही’ अशा गुणामागे एकच जनुक असणार, हा समज टिकून राहिला.

त्याला तडा दिला तो गिनिपिगच्या बोटांनी. या प्राण्याच्या मागच्या पायाला एरवी तीन बोटं असतात. अमेरिकेत स्यूअल राइट यांनी तीन बोटांच्या वाणाचा चार बोटांच्या वाणाशी संकर केला. पहिली पिढी जवळजवळ सगळी तीन बोटांची. दुसरीत सुमारे पाव पिल्लांना चौथं बोट. हा तर एकाच जनुकाचा, मेंडेलचा ठरलेला हिशोब! राइट मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी पहिल्या पिढीचा पुन्हा चार बोटांच्या वाणाशी संकर केला आणि त्यातली चार बोटांची पिल्लं निवडून पुन्हा त्याच वाणाशी जुळवली. जनुक एकच असतं, तर आता झाडून सगळी पिल्लं चार बोटांची व्हायला हवी होती. तशी झाली नाहीत. शिवाय एका वाणात आईच्या वयानुसारही हे प्रमाण बदलत होतं.

१९३४ मध्ये राइट यांनी निष्कर्ष मांडला: जनुकं अनेक, त्यांत परिस्थितीची भर, आणि या बेरजेला एक उंबरठा. धरणात अनेक ओढ्यांचं पाणी येतं, पण सांडव्यावरून वाहतं ते पातळी गाठल्यावरच, तसंच हे.

डग्लस फाल्कनर यांनी १९६५ मध्ये हाच विचार माणसांच्या आजारांना लावला. जठराचं खालचं तोंड आवळून तान्ह्या बाळाला उलट्या होणारा एक विकार मुलग्यांत चार-पाचपट अधिक आढळतो. तरीही तो झालेल्या वडिलांपेक्षा तो झालेल्या आईच्या मुलांना त्याचा धोका जास्त, असं सेड्रिक कार्टर यांना दिसलं होतं. मुलींचा उंबरठा उंच मानला, की कोडं सुटतं: तो ओलांडणाऱ्या आईकडे कारक जनुकांचा साठा मोठा असतो, म्हणून मुलांच्या वाट्यालाही जास्त येतो.

थॅलेसेमियासारखे एकाच जनुकाचे आजार असतात, हे खरंच. पण मधुमेह किंवा स्किझोफ्रेनियामागे बहुधा शेकडो जनुकांचे बारीक वाटे असतात. आईवडील दोघंही उंबरठ्याखाली राहून निरोगी असतात आणि त्यांचं मूल उंबरठा ओलांडतं. तेव्हा ‘हे कोणाच्या घराण्यातून आलं?’ असं विचारून सुनेकडे बोट दाखवणं आता तरी सोडून द्यावं.